औषधाच्या दुकानापर्यंत

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्यामुळे ते लपवण्यात काही अर्थ नाही. एकवीस वर्षं लॉन्ड्री चालवतेय. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर पिवळी रेघ राहिलेली दिसली की माझा आवाज आपोआप चढतो, आणि तो चढला की समोरच्या बाकावरची कबुतरं उडतात. पण काम चोख असतं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणसं कपडे घेऊन येतात ती काही माझं गोड बोलणं ऐकायला नाही.

अशा बाईच्या दारात ती दोघं येऊन उभी राहिली. दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मी एकटी राहते आणि जिन्यालगतची भाड्याने देते. तो ताडमाड उंच, चौकटीतून वाकून आत आलेला. ती जेमतेम त्याच्या खांद्याएवढी. दोन बॅगा, एक पातेलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आरसा, एवढाच संसार.

"नोकरी कुठं आहे?" मी विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला.

"दोघांनाही?"

"दोघांनाही," ती म्हणाली, जणू मी चहात साखर घेता का असं विचारलं होतं.

खरं तर तिथंच त्यांना वाटेला लावायला हवं होतं. पण दोघांनी दोन महिन्यांचं भाडं आधीच पुढं केलं आणि मी नरमले. अट मात्र घातली. दोन महिन्यांत निदान एकाला तरी पक्की नोकरी लागली पाहिजे, नाहीतर किल्ली परत. माझा पुतण्या त्या खोलीवर डोळा ठेवून होता. दोघांनी एकदम मान हलवली. मी त्याला त्याच दिवशी लंबू म्हणायला लागले आणि त्याने ओ पण दिली.

आठवड्याभरात मला कळलं की ती रफू करते. माझी रफूवाली तीन महिन्यांपूर्वी कात्री टेबलावर ठेवून गेली होती ती परत फिरकलीच नव्हती. म्हणून मी हिला परीक्षा म्हणून एक लोकरीची पँट दिली, गुडघ्यावर सिगारेटनं भोक पडलेली. दुसऱ्या दिवशी तिनं ती आणून दिली आणि मी चष्मा लावून, उजेडात धरून, उलटी-सुलटी करून भोक शोधत बसले. सापडलं नाही. एकवीस वर्षांत असा हात मी पाहिला नव्हता.

"उद्यापासून ये," मी म्हणाले. माझ्या मनात गोष्ट तिथंच मिटली होती. त्यांची खोली पक्की, माझं काम मार्गी.

"सांगते मावशी," ती म्हणाली. "आधी तुमचं दुकान सुटताना बघावं लागेल."

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण त्या संध्याकाळी सात वाजता दोघं खरंच समोरच्या बाकावर जाऊन बसली. माझी तीन माणसं बाहेर पडली, इस्त्रीवाली, डागवाला आणि काउंटरवरची. ही दोघं त्यांच्याकडे बघत बसली, जाहिरात बघावी तशी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सकाळी ती खाली आली.

"मावशी, नाही जमणार."

"पगार कमी वाटतोय?"

"पगार चांगला आहे."

"मग?"

ती जरा घुटमळली. लंबू मागं उभा होता, तो म्हणाला, "सांग ना. त्यांनी विचारलंय."

मग तिनं सांगितलं. आपल्या गावी दोघं एकाच गोदामात होती. ती रफूला, तो गाठोडी बांधायला. तिथून घरी आल्यावर तासभर दोघांच्या तोंडातून शब्द निघत नसे. "लग्नाला दीड वर्ष झालं आणि एक दिवस हा मला म्हणाला, तू शेवटची कधी हसलीस ते मला आठवत नाही. मलाही आठवेना. त्याच आठवड्यात दोघांनी काम सोडलं. आता ठरवलंय, कुठंही काम धरायचं तर आधी तिथली माणसं सुटताना बघायची. दारातून निघाल्यापासून किती पावलांवर ती बोलायला लागतात, ते हा मोजतो. मी चेहरे बघते."

"आणि माझ्या दुकानाची किती पावलं भरली?"

"एक्केचाळीस," लंबू म्हणाला. "औषधाच्या दुकानापर्यंत. तिन्ही दिवस तेवढीच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातात नोकरी नाही, डोक्यावर माझंच छप्पर, आणि माझ्याच दुकानाला नापास करतात. मी बरंच काही बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोघांनी ते खाली मान घालून ऐकलं आणि निमूट वर गेली. नाही म्हणाली ती म्हणालीच.

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळत ठेवली म्हणा ना. रोज सकाळी निघायची, संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या दारासमोर बसायची. छापखाना, इस्पितळाचं स्वयंपाकघर, कुरिअरचं ऑफिस. एक बेकरी त्यांच्या मनात भरली होती. तिथली माणसं तिसऱ्या पावलालाच हसतात, असं लंबू मोठ्या कौतुकानं सांगायचा. पण तिथं थंडी सुरू होईपर्यंत जागा नव्हती. जिथं माणसं हसतात तिथली जागा सहसा रिकामी होत नाही, हे यांच्या टाळक्यात कोण घालणार? दुसरीकडे दोन ठिकाणी त्याला घ्यायला तयार होते. दोन्ही ठिकाणी त्याने हात जोडले. दोघं पाव आणि चहावर दिवस काढत होती, पण पाव खातानाही वरून खिदळणं ऐकू यायचं. मी चिडायचे. चिडायचे आणि काम थांबवून ऐकत राहायचे.

ते एक्केचाळीस माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी एक दिवस सातला पाच मिनिटं असताना मी गिऱ्हाइकाचं निमित्त करून बाहेर पडले आणि औषधाच्या दुकानात जाऊन, कफ सिरपच्या कपाटाआड उभी राहिले. माझी माणसं आली. मुकी, खाली बघत चाललेली, शाळेत छडी खाल्लेल्या पोरांसारखी. आणि नेमकी त्या दुकानाशी आल्यावर इस्त्रीवाली थांबली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "कॉलर बघ, कॉलर! डोळे काय धोब्याकडे टाकलेस?"

आवाज माझा. हात ठेवायची ढब माझी. शेवटी नाकातून सोडलेला श्वाससुद्धा माझाच. डागवाला खांबाला धरून हसत होता, काउंटरवरची डोळे पुसत होती, आणि औषधवाला माझ्याकडे न बघायचा जिवापाड प्रयत्न करत होता. नक्कल बाकी हुबेहूब होती. इस्त्रीवालीही हसत होती, मोठ्यानं, मान मागं टाकून. अकरा वर्षं ही बाई माझ्याकडे कामाला आहे. तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. कॉलर पिवळी दिसली तरी गप्प. चार दिवस हे चाललं, आणि लंबूला मी जिन्यात सहज विचारल्यासारखं विचारलं, तर तो डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, आता ते बसस्टॉपपर्यंत बोलत नाहीत." दुकान विकायला काढलंय, म्हणून म्हातारी गप्प आहे, असा त्यांनी समज करून घेतला होता.

म्हणजे तेही फसलं. पाचव्या दिवशी मी दुपारी सगळ्यांना थांबवलं आणि इस्त्रीवालीला म्हणाले, "तू औषधाच्या दुकानासमोर माझी नक्कल करतेस ना, ती इथं करून दाखव."

ती पांढरीफटक पडली. डागवाला बाटलीचं लेबल वाचू लागला. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मी बघितलीय. चांगली करतेस. पण श्वास सोडण्याआधी मी चष्मा वर सरकवते, ते तुझं राहून गेलं."

तिनं इस्त्री उभी केली, कमरेवर हात ठेवला, नसलेला चष्मा वर सरकवला. आधी काउंटरवरची फुटली, मग डागवाला, मग मी. एक गिऱ्हाईक सूट घ्यायला आलं होतं, ते दारातच थबकलं.

मी सुधारले असं समजू नका. दुसऱ्याच दिवशी रेशमी ब्लाउजवरून मी डागवाल्याला असं फैलावर घेतलं की कबुतरं पुन्हा उडाली. पण या वेळी आतून इस्त्रीवालीनं विचारलं, "चष्मा वर केला का?" आणि बोलता बोलता मलाच हसू फुटलं.

या सगळ्यात दोन महिने संपले. त्या दोघांना काही लागलं नव्हतं. मला वाटत होतं, येतील, गयावया करतील, आणखी पंधरा दिवस मागतील, आणि मी आढेवेढे घेऊन देईन. मी त्याची वाटच बघत होते म्हणा. पण शेवटच्या संध्याकाळी, दुकान सुटल्यावर, मी शटर ओढणार तेवढ्यात दोघं समोरच्या बाकावरून उठून आली. शेजारी त्याच दोन बॅगा, पातेलं आणि आरसा. लंबूनं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"खोली झाडून ठेवलीय. नळ गळत होता, तो नीट केलाय," तो म्हणाला.

या पोरांनी दोन महिने पोट आवळून काढले, पण एकदाही खोटं बोलली नाहीत, एकदाही नको त्या दारात पाऊल टाकलं नाही, आणि शब्द दिला तसा पाळून चालली होती. माझ्या वयाच्या माणसांतही मी एवढी धमक पाहिलेली नाही. आणि हे मी तोंडानं म्हणाले नाही तर काय उपयोग, म्हणून म्हणाले.

"तुमच्यासारखी माणसं मी बघितलेली नाहीत. जाऊ नका."

ती लाजली. मग म्हणाली, "मावशी, रफूचं काम अजून आहे का?"

"बाकावर कधीपासून बसताय?"

"पंधरा दिवस. आज तुमची इस्त्रीवाली आतूनच बोलत बाहेर आली. पावलं मोजायला मिळालीच नाहीत."

"मग अडलंय कुठं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लंबू म्हणाला, "एक माणूस राहिलंय."

"कोण?"

"तुम्ही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हा तुमचीही पावलं मोजतोय. सगळे गेल्यावर तुम्ही शटर ओढता, कुलूप लावता, वळसा घालून जिना चढता, आमच्या दारावरून जाता आणि आतून कडी घालता. सगळी मिळून त्रेसष्ट पावलं. तुमची पावलं संपतात मावशी. बोलणं सुरूच होत नाही."

मी शटर धरून उभी राहिले. माझ्या त्रेसष्ट पावलांकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं होतं, मला आठवेना. डोळे भरून आले आणि ते लपवायला जागा नव्हती.

मग मी किल्ली लंबूच्या खिशात कोंबली. "त्या बॅगा उचल आणि वर ने," मी म्हणाले. "पातेलं राहू दे, माझ्याकडे मोठं आहे. आणि तू, रफूवाले, उद्या नऊला ये, पाच मिनिटंही उशीर चालणार नाही. आणि पुतण्याला मी काय सांगायचं ते मला सुचवा, तो माझ्यासारखाच तापट आहे, लहानपणी एकदा तर त्यानं..."

कुलूप लावायच्या आधीच मी बोलायला लागले होते, आणि जिना संपला तरी थांबले नव्हते.