शेवटाची पानं

मी एक जुनं पुस्तकांचं कपाट आहे. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारपेठेमागे एका घराच्या मधल्या खोलीत मी उभं असतं. मित्रांनो, माझं आयुष्य तसं साधंच गेलं. पण त्यातलं एक वर्ष काही केल्या माझ्या मनातून जात नाही, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला खाजा सुतारांनी घडवलं. अंग सागवानी, समोर काचेची दारं. दारं बसली तेव्हा मी स्वतःवर भलतंच खूश झालं होतं. शिवमूर्ती अप्पा, म्हणजे या घरातले निवृत्त शिक्षक, यांनी मला घरी आणलं, न्हाणीघराच्या भिंतीला माझी समोरून दिसणारी डावी बाजू टेकवून उभं केलं आणि पुस्तकांनी खच्चून भरलं. अप्पांच्या काळात माझी दारं दिवसभर सताड उघडी असत. गल्लीतली पोरं यायची, हवं ते पुस्तक ओढायची, परत ठेवताना उलटंसुलटं कोंबायची. अप्पा हसायचे. मीच तेवढं धुसफुसत राहायचं.

आरती ही अप्पांची नात, तेव्हा तिसरीत होती. संध्याकाळी अप्पा तिला शेजारी बसवून एक जाडजूड पुस्तक वाचून दाखवत. त्यातल्या मुलीचं वासरू हरवतं. त्याला शोधत ती जुन्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरते. पायऱ्या संपतात, तळाशी एक छोटं दार दिसतं, आणि दारामागून वासराचं हंबरणं ऐकू येतं. मुलगी कडीला हात घालते.

"बाकीचं उद्या," अप्पा म्हणाले.

"अप्पा, एकच पान वाचा की."

"उद्या वाचू की गं माय. पुस्तक कुठं पळून चाललंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना लातूरला नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

दहावं-तेरावं उरकलं आणि आरतीच्या वडिलांनी, मन्मथ यांनी, माझ्या दारांना कुलूप लावलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. "अप्पाची निशाणी हाय ही," ते म्हणाले. "पोरांच्या हातात पडली तर चिंध्या व्हतील." किल्ली देवघरात गेली.

दसऱ्याला दारं उघडली. उज्वला, आरतीची आई, मोठ्या भक्तीची बाई. तिने पुस्तकांना हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं, कप्प्याकप्प्यात झेंडूची ओली फुलं ठेवली. आरतीने बारवेच्या पुस्तकाकडे हात नेला तशी आईने तो धरला.

"पूजेतलं पुस्तक उघडत नसतेत. पाया पड अन् सरक."

सगळे पाया पडले. कुलूप पुन्हा लागलं. फुलं आतच राहिली, आणि माझ्या पोटात कुबट ओल साचू लागली.

संक्रांतीच्या सुमारास माझ्या डाव्या अंगातून एक आवाज येऊ लागला. दुपारी घर शांत असलं की स्पष्ट ऐकू यायचा. कुरकुर, मग थोडं थांबणं, मग पुन्हा कुरकुर. न्हाणीघराच्या ओल्या भिंतीतून वाळवी आत शिरली होती. मला भीती वाटली, आणि ती कुणाला सांगता येईना.

मित्रांनो, घरी एक गोष्ट करून बघा. उभ्या लावलेल्या मराठी पुस्तकांसमोर उभे राहा. त्यांचं पहिलं पान तुमच्या उजव्या हाताला असतं आणि शेवटचं डाव्या. वाळवी तुमच्या त्याच डाव्या हाताकडून येत होती. म्हणजे ती प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी खात होती.

बारवेचं पुस्तक फळीच्या मधोमध होतं. अजून शाबूत होतं.

"बाबा, किल्ली द्या ना," आरती म्हणायची. "मला तेवढी बारवेचीच गोष्ट पायजे."

"परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. "पाहुणे येऊन राहिलेत, आता पसारा नको." पाहुणे आले, जेवले, गेले. मग वडिलांनी तिच्या हातात मोबाइल दिला. "हे घे. ह्याच्यात लई गोष्टी हायती." आरती थोडा वेळ तो बघायची आणि पुन्हा काचेला नाक लावून उभी राहायची. तिला पुस्तकांच्या पाठी दिसायच्या, ओळीने नीट उभ्या, रंगसुद्धा न उडालेल्या. त्यांच्या मागे काय चाललं होतं ते फक्त मला कळत होतं.

जूनमध्ये एकदा उज्वलाला तिची दया आली. तिने किल्ली आणली, कुलपात घातली, फिरवलीसुद्धा. तेवढ्यात दारात गॅसवाला आला. सिलिंडर आत घेऊन ती परत आली तेव्हा स्वयंपाकाची घाई झाली होती. "दसऱ्याला काढू, आता तीन-चार महिने तर राहिले," असं म्हणत तिने कुलूप दाबलं. त्या दिवशीही गोष्ट पूर्ण होती. आवाज मात्र शेजारच्या पुस्तकात पोचला होता.

दसरा आला. दारं उघडताच आरती पुढे झाली, आणि या वेळी आईने तिला अडवलं नाही. "घे बाई एकदाची. पूजा मागून करू."

आरतीने पुस्तक ओढलं. तिला ते हलकं लागलं असावं, कारण ती क्षणभर थांबली. मग तिथेच फरशीवर बसून भराभर पानं उलटू लागली. वासरू हरवलं, मुलगी बारवेत उतरली, दार दिसलं. मुलीने कडीला हात घातला. आरतीने पान उलटलं. पुढे ओली माती होती आणि तिच्यात वळवळणारे पांढरे किडे.

ती रडली नाही. तिने वडिलांकडे बघितलं.

"बाबा, कडी काढल्यावर काय व्हतं?"

मन्मथ यांनी पुस्तक हातात घेतलं. माती त्यांच्या पायावर सांडली. "मला ठाऊक न्हाई गं," ते म्हणाले. "मी कधी वाचलंच न्हाई."

तिने आईकडे बघितलं. उज्वलाच्या हातात पूजेचं ताट होतं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि ताट खाली ठेवलं.

घरात ती गोष्ट माहीत असलेला एकच माणूस होता, अप्पा. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. आजही वाटतं.

आता मला भिंतीपासून लांब सरकवलं आहे, औषध मारलं आहे, आणि कुलूप नाही. उजवीकडची बरीचशी पुस्तकं वाळवीतून बचावली. संध्याकाळी मन्मथ आरतीजवळ बसून अडखळत वाचतात. तरी दुपारी कधीकधी माझ्या खालच्या फळीतून बारीक कुरकुर येते. ती खरी की भासाची, मला ठरवता येत नाही.

तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं कपाट असेल, नाहीतर माळ्यावर एखादी पेटी. किल्ली मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा, आणि घरातल्या मोठ्यांनाही शेजारी बसवून वाचायला लावा. आम्हाला तुम्हाला हाक मारता येत नाही.

आरती आता रोज माझ्याकडे येते. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की ती आधी शेवटचं पान उघडून बघते. ते जागेवर आहे याची खात्री करते आणि मगच गोष्ट सुरू करते.