दहा सेंटीमीटर म्हणजे दहा सेंटीमीटर

मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा एक जुना मॉनिटर आहे आणि माझं डोकं फिरलंय. आत्मवृत्त सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. मला ते जमणार नाही. ज्याला गोड ऐकायचंय त्याने खाली त्या नव्याकडे जावं. त्याच्यात स्पीकरपण आहेत.

मी कपाटाच्या माथ्यावर बसलोय. इथनं अख्खं दुकान दिसतं, म्हणून सांगतो ते नीट ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यापुढे एक, माझ्यामागे एक, सगळे सतरा इंची, जवळजवळ चौकोनी तोंडाचे. मग खोका, थर्माकोल आणि अंधार. खोका उघडला तेव्हा समोर आत्या होती.

दुकान नावं कोरायचं आहे. दाराच्या पाट्या, ढाली, पदकं, पेनं. मालक आत्याचा धाकटा भाऊ. पन्नाशी आली, ढेरी सुटली, गल्ल्यावर बसून सगळ्यांवर ओरडतो, तरी आत्या त्याला बाळ्याच म्हणते. त्याचा मुलगा तिला आत्या म्हणतो, म्हणून मीपण आत्या म्हणतो. हा मुलगा इंजिनिअर. म्हणजे इंजिनिअरिंगला दोन वर्षं जाऊन परत आलाय. तेवढ्यावर सगळी गल्ली त्याला इंजिनिअर म्हणते आणि तो ओ देतो.

पहिल्या दिवशी आत्याने काय केलं सांगू? खणातनं स्टीलची पट्टी काढली. कॉम्प्युटरवर दहा सेंटीमीटरची रेघ मारली आणि पट्टी माझ्या तोंडाला लावली. दहा म्हणजे दहा, केसभर फरक नाही. ती हसली. ‘‘बाळ्या, हा खोटं बोलत नाही रे!’’

त्यानंतर अकरा वर्षं मी एकदाही खोटं बोललो नाही.

साधी चौकोनी पाटी असली की तिचं माप टाकायचं, संपलं. पण लोक काय वाट्टेल ते घेऊन येतात. कुणाची शिट्टी, कुणाचा लायटर, कुणाच्या कुत्र्याच्या गळ्यातला हाडाच्या आकाराचा बिल्ला. त्याचं माप कुठनं कुठे घेणार? मग आत्याने स्वतःची पद्धत काढली. माझ्या स्क्रीनवर पारदर्शक प्लास्टिक चार चिमट्यांनी लावलं. वस्तू त्याच्यावर टेकवायची, मार्करने कडेकडेने रेघ मारायची, वस्तू बाजूला. मग एक डोळा बारीक करून, जिभेचं टोक बाहेर काढून, त्या रेघेच्या आत नाव बसेपर्यंत अक्षरं लहानमोठी करायची. जमलं की कोरायचं मशीन चालू. शेवटी ओल्या बोळ्याने प्लास्टिक पुसायचं. अकरा वर्षांत माझ्या अंगावर एक ओरखडा नाही आणि तिच्या कामात एक चूक नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, ‘‘ताई, तुमच्या डोळ्यात माप आहे.’’ मी मनात म्हणायचो, अर्धं माझ्यात आहे. पण ठीक आहे, घ्या.

मग एक दिवस इंजिनिअर भलामोठा खोका घेऊन आला. सत्तावीस इंची!

‘‘आत्या, रिझोल्यूशन बघ! मुंगीच्या मिशा मोजता येतील!’’

आमच्या दुकानात मुंगीच्या मिशा कुणाला कोरायच्यात, हे कुणीच विचारलं नाही. बाळ्या हात मागे बांधून नव्यासमोर असा उभा राहिला, जसा काय घरात जावई आलाय.

‘‘आणि ह्या डबड्याचं काय करू?’’ इंजिनिअरने विचारलं.

‘‘टाक वर.’’

माझीच वायर माझ्या गळ्याला गुंडाळून त्याने मला वर टाकलं. टाकलं म्हणजे टाकलंच, ठेवलं नाही. अकरा वर्षांचा निरोप समारंभ संपला.

आत्याने माझं प्लास्टिक काढून नव्याला लावलं. तो मोठा, प्लास्टिक छोटं. भल्यामोठ्या कपाळाला बँडेजची छोटी पट्टी चिकटवावी तसं दिसत होतं. इंजिनिअर फिदीफिदी हसला. ती चिमटे लावून कामाला लागली.

आता नीट ऐका, कारण इथनंच माझं टाळकं सटकायला लागतं. चित्र ज्या ठिपक्यांनी बनतं, ते नव्याचे ठिपके बारीक. ठिपके बारीक म्हणून तीच अक्षरं त्याच्यावर लहान दिसतात. दहा सेंटीमीटरची रेघ सहाचीपण दिसत नाही. चौकोनी पाट्यांना फरक पडला नाही, कारण त्यांचं माप आकड्यांनी टाकतात. पण आत्याच्या पद्धतीने मारलेल्या रेघेत नाव लहान दिसलं की ती ते मोठं करणार. आणि मशीनला काय, जेवढं सांगाल तेवढं ते कोरणार.

पहिलं बिघडलं ते पोहायला शिकवणाऱ्या सरांचं स्टॉपवॉच. नावाचं पहिलं अक्षर पाठीवर बसलं, शेवटची दोन कडेच्या बाहेर हवेत. सरांनी ते बाळ्यापुढे धरलं. बाळ्याने काय करावं? आत्या समोर उभी असताना, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘माफ करा सर. ताईचे डोळे आता गेलेत हो.’’

मला पाय असते ना, तर मी वरनं त्याच्या टकलावर उडी मारली असती.

आत्या चष्म्याचा नंबर बदलून आली. तिसऱ्या दिवशी कुत्र्याचा बिल्ला बिघडला.

‘‘सोमवारपासून मशीनवर इंजिनिअर बसेल,’’ बाळ्या म्हणाला. ‘‘तू पॅकिंग बघ ताई. आराम कर जरा.’’

आराम! जिची बडबड जेवतानाही थांबत नाही, ती आत्या त्या दुपारी भिंतीकडे तोंड करून जेवली. आणि मी वर बसून सगळं कळत असूनही काही सांगू शकत नव्हतो. तिचे डोळे ठणठणीत आहेत, गाढवांनो! पण मॉनिटरचं कोण ऐकतं? वायर लावल्याशिवाय मला तोंडही नाही.

शनिवार आला. आत्याचा मशीनवरचा शेवटचा दिवस. सकाळीच एक मुलगी फडक्यात गुंडाळलेली मोठी कात्री घेऊन आली.

‘‘बाबांची आहे. एक्केचाळीस वर्षं शिवणकाम केलं, गेल्या आठवड्यात दुकान बंद केलं. पात्यावर त्यांचं नाव हवंय.’’

‘‘इंजिनिअर, घे रे,’’ बाळ्या म्हणाला. ‘‘ताईचे डोळे...’’

‘‘नाही हो काका. बाबांनी सांगितलंय, ताईंनीच करायचं. आमच्या दुकानाची पाटी त्यांनीच कोरली होती.’’

आत्याने कात्री घेतली. तिने पातं नव्यावर टेकवलं, मार्कर फिरवला, नाव बसवलं. मशीनच्या बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. स्टॉपवॉच बिघडलं, बिल्ला बिघडला. पण ते बदलून देता आले. एक्केचाळीस वर्षांची कात्री कुठनं आणणार?

तिने बोट उचललं आणि खणातनं स्टीलची पट्टी काढली. दहा सेंटीमीटरची रेघ मारली. पट्टी लावली.

‘‘बाळ्या, इकडे ये. हे किती?’’

‘‘सहालापण कमी दिसतंय.’’ बाळ्याने डोकं खाजवलं. ‘‘पट्टी जुनी झाली असेल.’’

‘‘स्टीलची पट्टी काय स्वेटरसारखी सैल पडते?’’

इंजिनिअर म्हणाला, ‘‘आत्या, एवढी भारी स्क्रीन चुकत नसते. तूच रेघ छोटी मारली असशील.’’

‘‘हो का? मग जुन्याला खाली काढ. हीच रेघ त्याच्यावर दाखव.’’

‘‘आता कुठे ते डबडं...’’

‘‘काढ म्हणते ना!’’

मी खाली आलो. वायर लागली. खरं सांगतो मित्रांनो, माझी टरकली होती. इतके दिवस धूळ खात पडलेला मी, पेटलोच नाही तर? डाव्या कोपऱ्यात जरा लुकलुकलो आणि पेटलो. तीच रेघ. आत्याने पट्टी लावली.

दहा म्हणजे दहा.

इंजिनिअरचे कान लाल झाले. तो नव्यासमोर वाकला, इथे टिचकी, तिथे टिचकी, परत पट्टी लावली, परत टिचकी. दोन मिनिटांत नव्यावरपण दहा आले.

‘‘मापाचं सेटिंग करायचं राहिलंच की,’’ तो पुटपुटला.

‘‘राहिलं?’’ आत्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. ‘‘माझी खुर्ची चालली होती, आणि तुझं राहिलं? मी रात्र रात्र डोळ्यांत थेंब घालत बसले, आणि तुझं राहिलं?’’

‘‘बरं बरं ताई,’’ बाळ्या मधे पडला. ‘‘झालं ते झालं. चालायचंच.’’

‘‘चालायचं नाही! सरांना फोन लाव. आत्ता. माझे डोळे गेले म्हणून सांगताना आवाज किती मोठा होता? तेवढ्याच आवाजात सांग, चूक कुणाची होती.’’

बाळ्याने फोन लावला आणि तोंडावर हात धरून कुजबुजायला लागला.

‘‘मोठ्याने!’’

तो मोठ्याने बोलला. कात्रीवाली मुलगी फडक्यात तोंड लपवून हसत होती.

मग आत्याने कात्री कोरली. बापाचं नाव पात्यावर असं बसलं, जसं कात्रीबरोबरच घडवलं असावं. मुलगी त्यावरनं नुसती बोट फिरवत राहिली.

पण ते नाव आत्याने नव्यावरच बसवलं. मला वाटलं होतं, ती मला परत टेबलावर घेईल. नाही घेतलं. सोमवारी ती तिच्याच खुर्चीत बसली, नव्यासमोर. मी कोपऱ्यात जमिनीवर. तिचाही राग आला मला, का खोटं बोलू?

दुपारी भंगारवाला दारात आला. इंजिनिअरने मला उचललं. ‘‘आत्या, आता तरी देऊ ना?’’

आत्याने मान वर न करता सांगितलं, ‘‘ठेव खाली. पुढच्या वेळी तू काहीतरी भारी आणशील, तेव्हा मापायला हा लागेल.’’

मग तिने मला पुसलं, वायरची नीट घडी घातली आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने वर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

राग गेला का? अजून नाही. म्हणून तुम्हाला सांगतो मित्रांनो, नवं आणा, खुशाल आणा, भिंतीएवढं आणा. जुन्याला गुंडाळायच्या आधी त्याच्यासमोर रोज जे कुणी बसत होतं त्याला विचारा, तू काम कसं करतोस. आणि काम बिघडलं तर कुणाच्या डोळ्यांवर घसरण्याआधी खणातनं पट्टी काढा. दोन मिनिटं लागतात. मी स्वतः मोजलीयत.