लानचे रांजण आणि शैलजाचा ठेचा

त्या शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर ठेच्याच्या सहा बरण्या होत्या. माहीत असलेल्या आंबटपणाच्या द्रावणांच्या दोन बाटल्या होत्या, शुद्ध पाण्याची एक बाटली होती, मिक्सर होता, कागदी रुमालांचा एक गठ्ठा होता आणि मी होतो. टेबलाभोवती तीन माणसं होती. चौथी समोरच्या टीव्हीवर होती, थांबवलेल्या चित्रात: रेशमी झग्यातली एक चिनी बाई, मातीच्या रांजणावर हात ठेवून उभी.

मित्रांनो, मी सामूमापक आहे. प्रयोगशाळेत मला पीएच मीटर म्हणतात. पदार्थ किती आंबट आहे ते मी आकड्यात सांगतो. आकडा जितका लहान, तितका पदार्थ जास्त आंबट. लिंबाच्या रसाला मी दोनच्या आसपास दाखवतो, साध्या पाण्याला सातच्या आसपास. एवढंच माझं काम, पण ते मी मनापासून केलं.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथून मी अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या एका विद्यापीठात गेलो आणि बरीच वर्षं विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत राहिलो. माझं पेटीसारखं शरीर दणकट आहे. नाजूक आहे ती माझी कांडी, जिच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो. तो ओला ठेवावा लागतो, आणि तोही साध्या पाण्यात नाही, क्षाराच्या द्रावणात. चांगले विद्यार्थी ते लक्षात ठेवत. एक शिक्षिका तर नव्या यंत्रांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवत. पुढे त्या निवृत्त झाल्या, रंगीत पडद्याची यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. कांडी कोरडी पडली, तडकली. टाकून द्यायच्या सामानात मला अनयानं पाहिलं, परवानगी काढली, मला नवी कांडी बसवली आणि शिक्षण संपल्यावर गाडीत घालून मॉरिसव्हिलला आपल्या घरी नेलं.

तिथे माझी जागा टीव्हीखालच्या फळीवर होती. म्हणून ती मालिका मी पहिल्यापासून ऐकली.

अनयाची आई शैलजा लग्नाआधी सांगलीत बँकेत होती. नवऱ्यामागे, चंद्रशेखरमागे, ती अमेरिकेत आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. परवानगी मिळेपर्यंत इतकी वर्षं गेली, की मधल्या काळात काय केलंत, या प्रश्नापुढे तिची एकही मुलाखत सरकली नाही. घरात ती सगळं करत असे आणि बाहेर तिला कोणी काही विचारत नसे. अशातच एका दुपारी दुसरं काहीतरी संपून ती मालिका आपोआप सुरू झाली.

जुन्या काळातल्या चीनमधली गोष्ट. लान नावाच्या तरुण विधवेला सासरचे लोक वाटणीत फक्त एक पडकं अंगण आणि टवके उडालेले रांजण देतात. ती त्या रांजणांत सोयाबीनचा सॉस मुरवते, गावाला विकते, मग जिल्ह्याला, आणि राजवाड्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायची जिद्द धरते. शैलजाला चिनी येत नव्हतं. खालची इंग्रजी अक्षरं पटकन सरत, म्हणून ती सारखी चित्र थांबवून वाचायची. लानच्या सासूला तिनं ‘आक्काबाई’ असं नाव ठेवलं होतं.

“आज काय केलं तुझ्या आक्काबाईंनी?” चंद्रशेखर ऑफिसातून आल्यावर विचारायचा.

“रांजणात राख टाकली मेलीनं.”

“आणि आपल्याला जेवायला काय, राखच?”

“तुम्ही हसा. लानचा नवरा मेला म्हणून तरी तिला काही करता आलं.”

चंद्रशेखर स्वतःच ताटं घ्यायला उठला.

लानच्या अंगणात पहिले रांजण मुरले, त्याच आठवड्यात शैलजानं गावच्या शनिवारच्या बाजारात स्टॉलसाठी अर्ज केला. हिरव्या मिरचीचा ठेचा, बरणीत भरून. बाजाराच्या समितीनं ताजा ठेचा चाखला. एका बाईंनी डोळे पुसत पुन्हा मागितला. स्टॉल देऊ म्हणाले. अट एकच: बंद बरणीतल्या ठेच्याचा सामू ४.६ किंवा त्याखाली असला पाहिजे आणि राज्याच्या प्रयोगशाळेनं तसं लिहून दिलं पाहिजे. नमुना सोमवारपर्यंत द्यायचा. कृती बदलली तर अर्ज नव्यानं, आणि मोकळी असलेली एकमेव जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला.

ही अट कशासाठी, ते अनयानं आईला नीट समजावलं होतं. लसूण मातीतून येतो, त्याच्याबरोबर एका जिवाणूची बीजंही येऊ शकतात, आणि ती भाजूनही मरत नाहीत. तेलाखाली, बंद बरणीत, हवा नसताना ती जागी होतात आणि विष तयार करतात. आंबटपणा पुरेसा असेल तर होत नाहीत.

“माझी आई जन्मभर ठेचा खात होती,” शैलजा म्हणाली.

“आजी रोज फ्रेश करायची ना! तू चार महिने शेल्फवर ठेवणारेस. इट्स नॉट द सेम थिंग, आई.”

अनयानं अर्जाआधीच व्हिनेगर घालून एक वाटी करून दाखवली होती. मी तिला ४.१ दाखवलं होतं. शैलजानं बोटावर घेतलं आणि तोंड वाकडं केलं. “हा ठेचा आहे की लोणच्याचं पाणी? हे मी माझ्या नावानं विकू?”

त्याच दिवशी लाननंही एका बड्या व्यापाऱ्याला नकार दिला होता. त्याला सॉस गोड करून हवा होता. लान म्हणाली, चव बदलणार नाही. रांजणाला वेळ द्या, तो आपलं काम करतो. शैलजानं ते वाक्य थांबवून दोनदा वाचलं, आणि अर्जात स्वतःची कृती जशीच्या तशी लिहिली: मिरच्या आणि लसूण तेलावर चांगले भाजून, शेंगदाणे, मीठ, लिंबाच्या दोन फोडी. कैरीचं लोणचं मुरतं, लानचा सॉस मुरतो, तसा ठेचाही उन्हात मुरेल आणि आपसूक आंबट होईल, असा तिचा हिशेब होता. तिनं सहा बरण्या भरल्या आणि खिडकीत ठेवल्या.

अनया तेव्हा नोकरीच्या मुलाखतीसाठी बाहेरगावी होती. परतल्यावर तिनं खिडकीकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसली.

“आई, मिरच्या रॉ होत्या का?”

“कच्च्या मिरचीचा ठेचा करतात का कधी? खरपूस भाजल्या.”

“मग आंबवणार कोण? आंबवणारे बॅक्टेरिया तर भाजल्यावर मेले.”

“कैरी मुरते ती?”

“कैरी आधीच आंबट असते, आई.”

“बघू तर. मुरायला वेळ लागतो. लानला किती लागला!”

“लाननं सोयाबीन भाजलं नव्हतं,” अनया हळू आवाजात म्हणाली.

आणि शनिवार आला. अनयानं दोन्ही द्रावणांत मला तपासून घेतलं: एकात ४.०१, दुसऱ्यात ७.००. मी बरोबर होतो. प्रत्येक बरणी ढवळायची, एक चमचा शुद्ध पाण्याबरोबर वाटायचा, त्यात माझी कांडी बुडवायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. पहिली बरणी ५.४१. दुसरी ५.४०.

“जुनं मशीन आहे ते,” चंद्रशेखर म्हणाला. महिनाभर थट्टा करणारा तो माणूस आता उभा राहून माझ्याकडे बघत होता. “भंगारातून आणलंय. परत लाव ना, अनू. प्लीज.”

अनयानं कांडी धुतली, टिपली, द्रावणांत मला पुन्हा तपासलं. ४.०१. ७.००. मग तिसरी बरणी, चौथी. दोन्ही ५.४०.

“थोडं लिंबू आत्ता घालून…” चंद्रशेखर म्हणाला.

“मग ती दुसरी कृती झाली, अहो,” शैलजा म्हणाली. “आणि प्रयोगशाळा काय आपली मावशी आहे?” ती हसली, पण कोणी तिच्याबरोबर हसलं नाही. तिनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. मालिकेचे वीस भाग शिल्लक होते.

पाचवी बरणी ५.४१.

“आई, राहू दे. आपण नेक्स्ट इयर पुन्हा ॲप्लाय करू.”

“पुढच्या वर्षी मी पंचावन्नची होईन.”

“सो व्हॉट?”

सहावी बरणी शैलजानं स्वतः उघडली, तळापासून ढवळली, चमचाभर वाटली आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्या. काच ओली ठेवा, दोन द्रावणांत तपासल्याशिवाय आम्हाला विचारू नका, आणि तपासल्यावर आम्ही सांगितलेलं नाकारू नका. पण आमच्यापुढे वाटी धरून कोणी उभं असेल, तर त्या माणसाशेजारी कोणीतरी उभं राहा. आम्हाला ते करता येत नाही.

अनया उठून आईशेजारी उभी राहिली. माझी कांडी वाटीत गेली. आकडा थोडा हलला, थांबला, पुन्हा हलला आणि स्थिर झाला.

सहावी बरणी, तापमान बावीस अंश, सामू ५.४०.