लाइटसकट

...तुरीच्या दाण्याएवढा निळा लाइट, भर दुपारीही लागलेला. त्याच्या पुढ्यात डॅशबोर्डवर चिकटवलेली पांढरी बुद्धमूर्ती, अंगठ्याहून जराशी मोठी, डोळे मिटून बसलेली; आणि मूर्तीखालून निघून फटीत शिरलेली वायर, जिच्यावरच्या काळ्या टेपचं टोक सुटून त्याला धूळ चिकटली होती. गीतांजलीनं ते टोक नखानं दाबलं. बसलं. पुन्हा सुटलं. घे, आता तूही भांड माझ्याशी!

अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरच्या आवारात, आपल्याच गाडीत, ती पाहुण्यासारखी बसली होती. गेल्या महिन्यात इथल्याच ऑफिसातून घरी निघताना स्टिअरिंगला ताकद देणारी मोटर जळली, तिला ते वळवता येईना, आणि गाडी इथं ओढून आणली. वॉरंटी होती, त्यामुळे ती निर्धास्त होती. मग कंपनीचं उत्तर आलं — दावा नामंजूर. गाडीत बाहेरची वायर जोडलेली आढळली. ते तिनं अमरावतीला घरी, जेवताना, मोठ्यानं वाचून दाखवलं. कशाला वाचलं असेल... बाबांचा घास हातातच राहिला.

कारण ती वायर त्यांचीच. देवमन, एसटी महामंडळाचे निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात अमरावती-धारणी बस चालवली, पण सरकारी गाडीत आपलं म्हणून एक स्टिकर लावलं नाही. नियम म्हणजे नियम. मग घरात पहिली स्वतःची गाडी आली, तर पेढे वाटायच्या आधी हा माणूस बडनेऱ्याच्या नितेश वायरमनकडे जाऊन लाइट लावून आला. “तू एकटी येणंजाणं करतं,” म्हणाले, “अंधारात कोनी तरी जागं पायजे तुह्यासंग.” तेव्हा तिला हसू आलं होतं. पुढे मूर्तिजापूरनंतरच्या काळ्याकुट्ट रस्त्यावर त्या निळ्या ठिपक्यानं कितीदा धीर दिला, ते मात्र सांगायचं राहून गेलं. असलं काही बापाला सांगतं का कुणी?

उत्तर आल्यापासून बाबांनी लाइटचं नाव काढलं नव्हतं. “पोरीच्या गाडीचं मीच वाटोळं केलं,” असं ते फोनवर आत्याला सांगत होते, हळू आवाजात, पण घरच केवढं, ऐकू आलंच. म्हणून तर ती आज भांडायला आली होती. मोटर नवी मिळो न मिळो. या लोकांच्या तोंडून एक वाक्य तिला हवं होतं, बाबांच्या देखत — त्या लाइटनं काही बिघडलेलं नाही. बाबा हट्टानं बसमधून तिच्यासोबत आले होते, पण गाडीत बसायला तयार नव्हते. आतल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते, बदली मागायला आल्यासारखे.

काचेचं दार उघडून मॅनेजर कुलदीपनं हाक मारली. ती आत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “एकच सांगा. या लाइटमुळे मोटर जळली का? हो की नाही?”

“मॅडम, मुळे-बिळे कंपनीवाले पाहतच नाहीत. बाहेरची वायर दिसली की दावा रद्द.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही.”

“नाही माहीत,” तो म्हणाला. आणि इतक्या सरळपणे म्हणाला की तिला धड रागावताही येईना.

तेवढ्यात बाबा बाकावरून उठले. “सायेब, माही चूक हाय. मी लावला थो लाइट. पोरीचा काई दोष नाई. तिचं काम करून टाका.” आणि त्यांनी हात जोडले. घाटात समोरून ट्रक अंगावर आला तरी न डगमगलेले ते हात... मी तुमच्यासाठी भांडतेय बाबा, आणि माझ्या एकेका प्रश्नागणिक तुम्हीच गुन्हेगार ठरत चाललात — हे कसं झालं?

कुलदीप खुर्चीतून अर्धवट उठला. “काका, हात काहून जोडता? बसा ना.” मग आवाज खाली आणून तिला म्हणाला, “एक करा. ते सगळं काढून टाका. मी नवे फोटो काढून दावा पुन्हा पाठवतो. नागपूरचा इंजिनीअर येईल तेव्हा त्याला काही दिसणार नाही.” भला माणूस. त्याला तरी काय पडलं होतं?

ऐकायचा अवकाश, बाबा गाडीशी पोचलेसुद्धा. खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर निघाला — घरूनच आणलेला! म्हणजे बसमध्ये शेजारी बसून, खिडकीतून कपाशी पाहत, हा माणूस मनात हेच ठरवत होता. वाकून त्यांनी मूर्तीच्या कडेला टोक टेकवलं. टेकवलं, पण जोर लावेनात.

“राहू द्या बाबा.”

“अवं, काढू दे. तुहं काम होते.”

“मला हवाय तो.” आणि मग राहून गेलेलं सगळं एकदमच बाहेर पडलं. “अंधार लागला की मी त्याच्याशी बोलत येते. तुमी जागे आहात असं वाटते. भीती नाही वाटत मग.”

बाबांचा स्क्रूड्रायव्हर खिशात गेला, बाहेर आला, परत गेला.

मागून आलेल्या कुलदीपला ती म्हणाली, “लाइटसकट पाठवा. इंजिनीअरनं वायर पाहावी, मोटर पाहावी, मग काय ते सांगावं.”

“पुन्हा नामंजूर होईल, मॅडम.”

“होऊ द्या. पण नीट पाहून होऊ द्या.”

तो मान हलवत हसला. पाठवतो म्हणाला.

“मंग तवरोक गाडी लोकायच्या दारात काहून ठेवतं?” बाबांनी विचारलं. “चालते ना?”

“चालते काका. फक्त वळवायला जड जाईल. सांभाळून न्या.”

“जड!” बाबा कितीतरी दिवसांनी हसले. “आमच्या गाडीले कुठं होती पावर?” आणि पुढचं दार उघडून ते तिच्या शेजारी बसले.

फाटकापाशी तिनं स्टिअरिंग वळवलं, ते हलेचना. “उभ्या गाडीत नोको वढू. जराशी चालू ठेव. दोन्ही हातानं... खांद्यातून.” तिनं ओढलं. मानेपासून पाठीपर्यंत कळ गेली आणि गाडी कशीबशी वळली. एक वळण... आणि धारणीचा घाट? जाताना वळणं, येताना तीच वळणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा — संध्याकाळी बाबा घरी आले की फरशीवर पालथे पडायचे आणि लहानग्या तिला पाठीवर चढायला सांगायचे. इथं खांद्यावर उभी राय, आता तिकडं. ती भिंतीला धरून, खिदळत, त्यांच्या अंगावर चालायची. तिला तो खेळ वाटायचा. आज नेमकं तिथंच तिचं दुखत होतं.

मूर्तिजापूर मागे पडलं, उजेड उतरला, निळा ठिपका ठळक झाला. तिचं मन भरून आलं होतं. पण आभार हा शब्द त्यांच्या घरात कुणी कुणाला वापरलेला नव्हता.

“खांदे लय दुखून राहिले, बाबा.”

“दुखतीनच,” ते म्हणाले. चक्क खुशीत म्हणाले, आणि हात लांबवून त्यांनी टेपचं सुटलेलं टोक अंगठ्यानं दाबून धरलं.

इंजिनीअर यावा, मोटर नवी बसावी, हे सगळं व्हायलाच हवं... होईल तेव्हा होवो. बडनेऱ्याचं वळण अजून यायचं होतं, आणि तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आत्तापासूनच घट्ट धरलं होतं.