वहिनींचं माप

बायकांचे तयार ड्रेस शिवणाऱ्यांना खांदे म्हणून काही असतात हे ठाऊकच नसावं. त्याने अंगात घातला की टरकन उसवलाच. म्हणून बायकोच घरी टेप लावून त्याचं माप घ्यायची, चिठ्ठीवर स्वतःचं म्हणून लिहायची आणि तो ती शिंप्याकडे न्यायचा.

"वहिनी चांगल्याच दणकट दिसतात हो!" तिला कधीही न पाहिलेला शिंपी म्हणायचा. घरी हे ऐकून ती चिमणीएवढी बाई पोट धरून हसायची.

ती गेल्यावर महिन्याने तो निळं कापड घेऊन दुकानात गेला. शिंप्याने मशीन थांबवलं.

"कळलं मला. फार वाईट झालं." त्याने मापांची वही उघडली. "वहिनींचं माप खोडतो. उगाच नजरेस पडलं की जीव तुटतो."

"खोडा," तो म्हणाला आणि पिशवीतून डोकावणारं कापड त्याने आत दाबलं.