साखळी, कुलूप आणि पुण्याचं विमान

पस्तीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला तात्यापारा मोहल्ल्यातला शालिग्राम विमानाला घाबरतो, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. "विमान म्हणजे नुसता देखावा," असं तो चारचौघांत ठणकावून सांगायचा. मुलगी नीलिमा पुण्याला. तिच्या बाळाचं उद्या बारसं. बायको वनमाला महिन्याआधीच गाडीनं गेलेली. हा मागे राहिला, कारण "रिझर्वेशन काय, माह्या एका फोनचं काम." फोन झाले चौदा आणि तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवरच. मग नीलिमानं विमानाचं काढलं आणि म्हणाली, "बाबा, तीन वर्षांत तीनदा विमानाचं तिकीट पाठवलं, तुम्ही एकदाही नाही आले. आता नाही आले तर मी पुन्हा बोलावणार नाही."

तर आता स्वारी विमानतळावर. मोठी बॅग काउंटरवर दिली, थैली जवळ ठेवून बसला. बाथरूमला जायला उठला तसे हात सवयीनं चालले. थैली खुर्चीच्या पायाला साखळीनं बांधली, कुलूप ठोकलं. परत आल्यावर आठवलं, किल्ली मोठ्या बॅगेत.

आणि काय सांगावं, गड्याला चक्क आनंद झाला! विमान चुकलं तर दोष साखळीचा. मनातल्या मनात त्यानं घरची रिक्षासुद्धा ठरवली.

तेवढ्यात एक जवान आला. त्यानं साखळी पाहिली, मग शालिग्रामला पाहिलं.

"अंकल, सामान निकाल लो. थैला खाली हो जाए तो मैं कटवा दूँगा."

इतकी साधी गोष्ट गार्डसाहेबांच्या डोक्यात आली नव्हती, कारण त्यांना ती येऊच द्यायची नव्हती. झबली, टोपडी, डिंकाचे लाडू असं सगळं गमछ्यात बांधून तो उभा राहिला. पाय मात्र बाहेरच्या दाराकडे वळून राहिले होते.

फोन वाजला. नीलिमा.

"बाबा, कुठी आहात?"

थाप तयार होती. पण तोंडातून निघालं, "पोरी, मले विमानाचं लय भेव लागते. पहिल्यापासून."

मग तिचा आवाज फुटला. "एवढंच होतं, बाबा? मले वाटे, मी माह्या मनानं लग्न केलं, म्हणून तुम्ही येत नाही."

शालिग्रामला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"नाही वं," तो म्हणाला, "तुह्या बापाले राग नाही, तो नुसता भेकड आहे." आणि गाठोडं छातीशी धरून तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.