सुनेसाठी वकील

माझ्या मुलाला माझी काळजी फार. घर सोडून गेला, बायको टाकली, पोरीला मागे ठेवलं, पण संध्याकाळचा फोन कधी चुकवला नाही. "आई, गोळी घेतलीस? गुडघा काय म्हणतोय? आज काय काय केलंस?" त्याच्या बापाने जन्मात मला विचारलं नाही, काय काय केलंस म्हणून. मग मी सांगायची. इस्त्रीचं दुकान आमचं, चार माणसं येतात-जातात, सांगायला काही ना काही असतंच.

मग एक दिवस त्याची नोटीस आली. घटस्फोट पाहिजे, आणि पोरही पाहिजे. मला दुकानाच्या पाटीपुरतं वाचता येतं, म्हणून सुनेने वाचून दाखवली. घडी घालून ती फडताळात ठेवली आणि राहिलेले शर्ट करायला घेतले. मीही घेतले. रडलं कुणी नाही. पोर चादरींच्या गठ्ठ्यावर झोपली होती, तिला उचलून आत नेलं, एवढंच.

संध्याकाळी फोन आलाच. म्हणाला, "आई, वकिलांची भाषा असते ती. तुझ्या-माझ्यात त्याने काय फरक पडतो?"

"फरक काय पडतो ते बघशील," मी म्हटलं. "आम्ही बायका म्हणजे वाऱ्यावरची वरात वाटली काय तुला? उद्या त्या पुलाजवळच्या टकलू वकिलाकडे चाललोय आम्ही. तुझी सगळी हवा काढतो की नाही बघ."

टकलू मी कोटावरून निवडला होता. कोर्टातल्यांचे काळे कोट आमच्याकडेच येतात. ज्याची कोपरं झिजलेली, तो टेबलाला बसून वाचतो. ज्याचा नुसता खिसा फुगलेला, तो चहाच्या टपरीवर उभा असतो. टकलूची कोपरं पार पांढरी पडली होती.

सकाळी गेलो. त्याने सुनेचं नाव विचारलं, नवऱ्याचं विचारलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

"मावशी, मला नाही घेता येणार. त्यांचा सकाळीच फोन येऊन गेला. सगळी हकीकत ऐकून बसलोय मी."

"म्हणजे त्याने तुम्हाला वकील केलं?"

"केलं नाही. पण एका बाजूचं पोटातलं ऐकलं, की दुसऱ्या बाजूला उभं राहायचं नसतं."

"कान एवढे महाग असतील असं वाटलं नव्हतं," मी म्हटलं. सून म्हणाली, "आई, चला."

दोन दिवसांनी गाठली ती दुसरी, वकीलबाई होती, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिचा कोट कमरेत बरोबर बसवलेला, म्हणजे बाई चोख. तिच्या दारातल्या मुलीने नाव ऐकलं आणि आम्हाला बाकावर बसूही दिलं नाही. "मॅडम कालच बोलल्यात त्यांच्याशी." जिना उतरताना मी मुलाला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. त्यातल्या सहा माझ्याच होत्या, ते नंतर लक्षात आलं.

आमच्या भागात घरगुती खटले घेणारे असे कितीसे असणार? आणि तारीख तर जवळ येत चाललेली. वकील नसेल तर तिथे तो बोलणार, त्याचा वकील बोलणार, आणि आमची ही मान खाली घालून उभी राहणार. पोर तशीच हातची जाणार.

तिसरा म्हातारा होता. कोट जुना, पण अस्तर नवं. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. त्याच्याकडेही फोन येऊन गेला होता. पण त्याने आम्हाला लगेच उठवलं नाही. सुनेला म्हणाला, "बाळ, तू इथे येणार हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मला रोजचा संध्याकाळचा फोन आठवला, आणि मी भिंतीकडे पाहत बसले. भिंतीवर काही नव्हतं.

येताना बसमध्ये तिने दोघींचं तिकीट काढलं. मग म्हणाली, "आई, खिडकीकडे बसता का? ऊन नाही तिकडे." ती भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तरांची मला कधी कमी पडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चांगले कपडे घातले, पिशवी घेतली. "आई, दुकान बघा. पोरीला कणकण आहे, तिला उठवू नका."

"कुठे निघालीस?"

"येते मी."

ज्या घरात मला विचारल्याशिवाय मीठ संपत नाही, त्या घरात मी दुकानावर बसून राहिले. एका पॅंटची घडी तीनदा मोडली.

ती दिवेलागणीला आली. पोरीच्या कपाळाला हात लावला, पाणी प्यायली.

"मिळाला का?" मी विचारलं.

"मिळाल्या."

"कोण?"

तिने माझ्यासमोरचा गठ्ठा आपल्याकडे ओढला. "आई, नाव नाही सांगणार. राग मानू नका."

राग यायला हवा होता. आला नाही. "नको सांगूस," मी म्हटलं.

थोड्या वेळाने खाली बघतच ती म्हणाली, "त्या विचारत होत्या, घरातलं कुणी साक्षीला येईल का म्हणून. तो पोरीशी कसा वागायचा, ती तापली तरी बघायचा नाही, ते डोळ्यांनी पाहिलेलं. मी म्हटलं, तसं कुणी नाही."

"मी काय मेले?"

"तुमचा मुलगा आहे तो, आई. मी कशी विचारू?"

तेवढ्यात फोन वाजला. तिने इस्त्री खाली ठेवली आणि आत निघाली. मी हाताने तिला थांब म्हटलं.

"आई, गोळी घेतलीस? आज दुकानावर एकटीच होतीस, कुणीतरी पाहिलं म्हणे. ती कुठे गेली होती?"

चादरींच्या गठ्ठ्यावर पोर जागी झाली आणि खोकली. ओला, छातीतला खोकला. फोनमध्ये त्याला ऐकू गेलाच असणार, कारण तो थांबला. मीही थांबले. वाट पाहिली.

"सांग ना आई, कुणाकडे गेली होती?"

सून उभी होती. इस्त्रीतून वाफ येत होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आणि आता तू ऐक. पोर खोकली ते तुला ऐकू आलं. तरी तू वकीलच विचारलास. तुला पोर नकोच आहे रे. तुला हरायचं नाहीये. हा हट्ट माझाच, म्हणून लांबूनही ओळखू येतो. मी येणार आहे कोर्टात. उभी राहून सांगणार आहे, हा माझ्या पोटचा आहे, आणि ह्याच्या हाती पोर देऊ नका."